शालिग्राम सरांचा विल्यम

आमच्या ह्यांना तो विल्यम भारी प्रिय. डचांचा मोठा सरदार, स्पेनच्या राजाविरुद्ध उठला तो. धुळ्याचं वाचनालय असो की जळगावचं कॉलेज, बोलावलं की शालिग्राम सर त्याच्यावरच बोलणार. फ्रान्सच्या राजानं शिकारीला गेल्यावर त्याला आपलाच माणूस समजून सांगून टाकलं, की नव्या पंथाच्या लोकांना कापून काढायचं ठरलंय. विल्यम गप्प राहिला, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पुढे घरची चांदीची भांडी विकून फौज उभी केली, भाऊ गमावले, शेवटी राहत्या घरात गोळी लागून मेला. इथं दरवेळी हे चष्मा काढून पुसतात. घरातले कांदे संपले म्हणून सांगा, ते मात्र ऐकू येत नाही.

पारोळ्यात आमच्या शेजारचा प्लॉट नूर महंमद सर घेणार होते. ह्यांच्याच शाळेत भूगोल शिकवायचे. जुनं घर रस्ता रुंदीकरणात गेलं, तेव्हा ह्यांनीच आग्रह केला, "सर, आमच्या शेजारी या. कॉलनीचा अध्यक्ष मी आहे, कोण अडवतंय?" सरांची सून यास्मिन प्लॉट बघूनसुद्धा गेली. स्वयंपाकघर कुठल्या बाजूला घ्यावं, ते मलाच विचारत होती.

मग कॉलनीतल्या जीवरामभाऊंच्या मळ्यात सगळ्यांची भरीत पार्टी झाली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, आम्ही बाया लाकडी बडगीत ती ठेचत बसलो. बाजूलाच पुरुषमंडळी. जीवरामभाऊ म्हणाले, "कॉलनी आपली शे. बठ्ठा आपलाच लोके पाहिजेत. नूर सरले नाही सांगी द्या." म्हणजे सगळे आपलेच हवेत, नूर सर नकोत. सगळ्यांच्या माना हलल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "मिरची यंदा चांगली तिखट आहे." बस. अध्यक्ष मिरचीवर बोलले! असा संताप आला म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी नूर सर घरी आले. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. मी चहा ठेवला. हे सुरू झाले, "सर, मी योग्य वेळेची वाट बघतोय. विल्यमसुद्धा तेव्हा गप्पच राहिला होता."

सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "विल्यम शत्रूंमध्ये एकटा होता, सर. बोलला असता तर जीव गेला असता. तुम्ही तुमच्याच लोकांत बसला होता. तुमचं काय गेलं असतं?"

मला आतून बरं वाटलं, कुणीतरी सुनावलं एकदाचं. मी लगेच म्हटलं, "कालपासून मी हेच म्हणतेय. लाज वाटते मला ह्यांची."

सर माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होते.

"वहिनी, तुम्हीपण होता ना तिथं?"

"होते," मी म्हटलं. "भरीत ठेचत होते."

बोलले आणि वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. यास्मिनचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

नूर सरांनी कप खाली ठेवला. "चांगलं झालं असेल भरीत," म्हणाले, आणि चपला घालायला उठले.