नीट काढा

आमची सून डेंटर आहे. हे मी कुणाला सांगितलं की ते हमखास 'डेंटिस्ट' असं ऐकतात आणि आदरानं मान डोलावतात. मग मला दुरुस्ती करावी लागते. दातांची नव्हे हो, गाड्यांची. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करते. यावर समोरचा माणूस एकतर "अरे वा" म्हणतो, नाहीतर विषय बदलतो. माझ्यात विषय परत आणण्याची धमक नाही. मी मुद्रितशोधक. छापायला निघालेल्या पानांतल्या चुका काढण्यात जन्म गेला. हातोडी हातात धरली ती भिंतीत खिळा मारण्यापुरती, आणि तो खिळाही शेवटी आमच्या हिनंच मारला.

मुलगा बोटीवर असतो, त्यामुळे घरात मी, ही आणि सून असे तिघंच. सुनेनं बरीच वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात काम केलं. काम तिचं, बोर्ड मालकाचा. आता नुकतंच तिनं स्वतःचं छोटं गॅरेज टाकलंय, आणि त्यात पहिली आलेली मोठी गाडी म्हणजे दातांच्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंची. त्यांच्या वडिलांची जुनी, काळी, लांबलचक गाडी. एका बाजूनं झाड पडून पार चेंदामेंदा झालेली.

"मी डेंटिस्ट, ही डेंटर," बाई येईल त्याला सांगायच्या. "फरक एवढाच, हिचे पेशंट ओरडत नाहीत."

ती गाडी जुन्या गाड्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात उभी राहणार होती. ग्रंथालयासमोरचा रस्ता दरवर्षी एक दिवस बंद ठेवतात आणि दोन्ही कडांना गाड्या लावतात. प्रत्येक गाडीवाल्यानं जेवणाच्या सुट्टीआधी आपल्या गाडीचा एकच फोटो क्लबच्या टेबलावर द्यायचा, असा तिथला नियम. त्यातला एक फोटो क्लब वर्षभराच्या पोस्टरवर छापतो आणि खाली गाडी कुणी दुरुस्त केली त्याचं नाव. सुनेला ते नाव हवं होतं. तिनं तसं बोलून दाखवलं नाही, पण पोस्टरचा विषय निघाला की ती उगाच हात पुसायला लागायची, हात कोरडे असले तरी.

"बाबा, फोटो तुम्हीच काढायचा," तिनं सांगितलं तेव्हा मी चहाच्या कपात तोंड खुपसलं.

"अगं, मी खिडकीतल्या चिमण्या टिपणारा माणूस. त्या निदान उडून तरी जातात, माझी लाज राखतात. एखादा चांगला फोटोग्राफर बघ."

"परक्याला आधी सगळं समजावून सांगा. तुम्ही तर ही गाडी पहिल्यापासून बघताय."

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात," आमची ही आतून म्हणाली, "आता एक फोटो काढा. तेवढंच पुण्य."

मी घाबरलो की वाचायला बसतो. फोटोग्राफीवरची दोन पुस्तकं आणून वाचली. दोन्हींत एक गोष्ट ठळक होती. चकचकीत वस्तूचा फोटो काढताना प्रतिबिंबं हा पहिला शत्रू. त्यावर उपाय म्हणजे एक गोल, गडद काच. ती लेन्सवर बसवायची आणि हळूहळू फिरवायची, की चमक विरत जाते. तशी काच मी आणली. घरातल्या काचेच्या कपाटावर प्रयोग केला, तर खरंच, खिडकीचं प्रतिबिंब पुसलं जाऊन आतली पुस्तकं स्पष्ट दिसली. मला फार बरं वाटलं. पानावरची चूक खोडल्यासारखं.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा रस्ता झाडून स्वच्छ झाला होता. ग्रंथालयाच्या इमारतीवर कोवळं ऊन होतं आणि समोर, सावलीच्या बाजूला, आमची गाडी. तिला 'आमची' म्हणायचा अधिकार मला नाही, पण सगळेच म्हणत होतो. आमच्या हिनं घडीची खुर्ची गाडीशेजारी मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, कुणी विचारो न विचारो, सांगायला सुरुवात केली, "माझ्या सुनेनं केलीय." एकजण जाता जाता सोबत्याला म्हणाला, "बाईनं ठोकलीय म्हणे. आत पुट्टीचे थर असणार." पत्रा सरळ झाला नाही की खळगे पुट्टीनं भरतात आणि वरून रंग मारतात. ही त्याच्यावर काही बोलणार होती, पण सुनेनं डोळ्यांनी थांबवलं.

शेजारच्या गाड्यांभोवती हातभर लांब लेन्स लावलेले तरुण फिरत होते. एकजण शिडीवर चढला होता, दुसरा रस्त्यावर पालथा पडला होता. माझा कॅमेरा मी सदऱ्याआड धरला.

क्लबचे चिटणीस गळ्यात शिट्टी अडकवून आले. गाडीची कागदपत्रं तपासायची म्हणून डॉक्टरीणबाईंना आणि सुनेला टेबलाकडे बोलावून गेले. निघता निघता सुनेनं गाडीच्या दाराकडे बोट केलं. काळ्या दारात समोरचं ग्रंथालय उमटलं होतं, खिडक्यांसकट.

"बाबा, दारातलं ते ग्रंथालय तेवढं नीट काढा हं."

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. मला मनापासून आनंद झाला. पुस्तकं नेमकं हेच सांगत होती.

मी काच लेन्सवर बसवली. तिरका उभा राहिलो, काच फिरवली. खिडक्या फिकट झाल्या. थोडी आणखी फिरवली. कमानी गेल्या. एक जिना मात्र हटेना, तेव्हा एक पाऊल सरकलो, आणि तोही गेला. दारात आता काहीही नव्हतं. निव्वळ काळा रंग. चुकांशिवायचं पान. मी पडद्यावर फोटो पाहिला आणि स्वतःशीच म्हणालो, जमलं की रे. असं मी स्वतःला सहसा म्हणत नाही.

डॉक्टरीणबाईंबरोबर सून परत आली. मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिनं पडदा डोळ्यांजवळ नेला.

"ग्रंथालय कुठंय?"

"काढलं ना. तू सांगितलंस तसं."

"काढलं म्हणजे?"

"म्हणजे काढलं. काढून टाकलं. एक कमान राहू दिली नाही."

तिनं कपाळाला हात लावला. "अहो बाबा! काढा म्हणजे फोटोत काढा! नीट यायला हवं म्हणून नीट काढा!"

आमची ही खुर्चीत इतकी हसली की डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी दिलं. "चुका काढणाऱ्याला फोटो काढायला सांगितला," ती म्हणाली, "फोटोतलं सगळंच काढलं की यांनी!"

मला रस्त्यानं पोटात घ्यावं असं वाटलं. शब्दांवर आयुष्य काढलेला माणूस मी, आणि एका साध्या क्रियापदाला फसलो. ते असो. पण सून हसत नव्हती. तिचा आवाज हळू झाला होता, आणि ते मला जास्त लागलं.

"बाबा, गॅरेजात मी दाराजवळ ट्यूबलाइट धरून काय बघत असते?"

"रंग बघतेस."

"रंग कशाला बघू? रेघ बघते. ट्यूबची रेघ पत्र्यात पडते ना, ती. पत्र्यात केसाएवढा खळगा असला तरी ती रेघ तिथे थरथरते. मग परत ठोकायचं, परत बघायचं. काळा रंग चुगलखोर असतो, काहीही झाकत नाही. ह्या दारात त्या खिडक्या सरळ दिसतात हेच माझं काम. बाकी नुसता पत्रा आहे."

मी वाकून दाराकडे पाहिलं. इतके महिने पाहत होतो, तरी पहिल्यांदाच पाहिलं. खिडक्यांची ओळ दाराच्या गोलाईबरोबर एकसारखी वळत गेली होती, पण कुठेही लहरली नव्हती. मग मी शेजारच्या लाल गाडीच्या दारात पाहिलं. ग्रंथालय तिथेही होतं, पण वितळल्यासारखं. खिडक्यांना पोटं सुटली होती.

झाड पडलेली बाजू हीच. हे दार मी चुरगळलेल्या कागदासारखं पाहिलं होतं.

"चल," मी म्हणालो, "परत काढतो. म्हणजे, घेतो."

घाई करायला हवी होती. ऊन रस्ता ओलांडून आमच्या बाजूला सरकत होतं, आणि ते दारावर आलं की सगळं पांढरं होणार होतं. मी गडद काच काढली, आणि ती मात्र खरोखरच काढायची होती. मग दारासमोर उभा राहिलो. पण नवीच पंचाईत झाली. ग्रंथालय पूर्ण यायचं तर समोरूनच फोटो घ्यायला हवा, आणि समोरून घेतला की दारात मीही. डावीकडे सरकलो तर कमान कापली जात होती. खाली बसलो तर रांगता म्हातारा दिसत होता. लोक थांबून बघायला लागले. शिडीवरच्या तरुणानं वरून आवाज दिला, "काका, स्वतःचाच काढताय का?"

"मी आलोय यात," मी सुनेला पुटपुटलो. "सगळा विचका होईल."

"येऊ द्या की."

"अगं, मी कशाला मध्ये?"

"बाबा." ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. "तुम्ही फक्त सरळ उभे राहा. वाकलात तर लोक म्हणतील पत्रा वाकलाय."

मी जन्माचा पोक काढून चालणारा. टेबलावर वाकून वाचायची सवय, त्यात कुणाच्या नजरेला न पडण्याची धडपड. पाठीचं धनुष्य कधी झालं ते कळलंही नाही. पण आता प्रश्न माझ्या पाठीचा नव्हता. मी खांदे मागे घेतले. मान वर केली. गुडघे कुरकुरले, त्यांना कुरकुरू दिलं. काळ्या दारात, खिडक्यांच्या ओळीखाली, हातात कॅमेरा घेतलेला एक म्हातारा ताठ उभा होता. काठीसारखा सरळ. तसा मी आरशातही कधी दिसलो नव्हतो. मी श्वास रोखला आणि बटण दाबलं.

टेबलावर चिटणिसांनी फोटो मोठ्या पडद्यावर टाकला. काळं दार, आणि त्यात ओळीनं खिडक्या. चिटणीस चष्मा सावरत जवळ गेले.

"छान आहे. पण यात कुणीतरी माणूस आलाय. खालून कापून टाकू?"

एरवी मी "तुम्हाला योग्य वाटेल तसं" म्हणालो असतो. ते वाक्य जिभेवर आलंही होतं.

"नको," मी म्हणालो. आवाज फाटला, म्हणून परत म्हणालो. "नको. तो माणूस राहू द्या. तो सरळ दिसतोय ना?"

"दिसतोय. मग?"

"मी सरळ नाहीये. बघा माझ्याकडे. मी मुद्दाम उभा राहिलो सरळ, आणि पत्र्यानं मला तसाच दाखवला. एक सुरकुती वाढवली नाही. हे दार झाडाखाली चिरडलं होतं. पुट्टी भरून असं होत नाही. आमच्या सुनेनं हातानं ठोकलंय. तुम्हाला फोटो पटत नसेल तर दारापाशी चला."

मी कुणाला "चला" म्हणालो होतो, हे मला नंतर कळलं. पण चिटणीस चालायला लागले होते. त्यांच्यामागे टेबलावरचे दोघे. दारापुढे चिटणीस गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला, आणि कडेपासून कडेपर्यंत खिडक्यांची ओळ वाचत गेले. मग शेजारच्या लाल गाडीकडे पाहिलं. परत आमच्याकडे. उभं राहून त्यांनी सुनेला विचारलं, "पोस्टरवर नाव कसं लिहायचं? तुमचं की गॅरेजचं?"

"माझं," ती म्हणाली. हात मात्र तिनं पुसले नाहीत.

चिटणिसांनी शिट्टी वाजवली तशी माणसं गोळा झाली. काय बघायचं ते एकदा कळल्यावर जो तो दारापुढे उभा राहून स्वतःला बघायला लागला. शिडीवरचा तरुण खाली उतरला. सकाळी पुट्टीचं बोलून गेलेला गृहस्थही परत आला, आणि बराच वेळ हलला नाही. आमची ही खुर्ची सोडून उभी होती आणि आता काही सांगायची गरज नाही म्हणून थोडी हिरमुसली होती. एका माणसानं न राहवून दाराकडे बोट नेलं.

"हात लावू नका!" मी ओरडलो. भर रस्त्यात, एवढ्या लोकांत, पोटातून. "लांबून बघा! हवं तेवढं बघा, पण लांबून!"

सगळे मागे सरकले. सुनेनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी गाडीच्या पुढे येऊन उभा राहिलो आणि पुढच्या माणसाला वाट करून दिली.