खिरापतीच्या डब्यातली कडी

प्रार्थना अजून संपायची होती, आणि चौथीच्या रांगेतली पायल उभ्या उभ्या वाकली. कोणी पोतं खाली टेकवावं तशी ती अलगद बसली आणि मग मातीत आडवी झाली.

ऑक्टोबरचं ऊन होतं. पाऊस जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तरी डोकं भाजून निघत होतं. नाजिया मॅडम रांगा मोडून धावल्या. त्यांनी पायलला उचलून व्हरांड्यात आणलं, तोंडावर पाणी मारलं. मुख्याध्यापक शेखर सर उपकेंद्रातल्या नर्सबाईंना आणायला गाडीवर गेले. भातकुलीच्या पुढची, पहिली ते चौथीची ही दोन शिक्षकांची शाळा. एक धावला की दुसऱ्यानं उरलेली सगळी पोरं सांभाळायची.

नर्स वर्षाली आली तोवर पायलनं डोळे उघडले होते. तिची आजी, सुंदराबाई, शेतातून तशीच हातात विळा घेऊन आली होती.

“उपाशी पाठवली असन, असं म्हनू नका,” सुंदराबाईनं आल्या आल्या सांगून टाकलं. “भाकर खाऊन आली हाये पोट्टी.”

“उपाशी नाही, आजी. तहानलेली आहे,” वर्षाली म्हणाली. तिनं पायलचे ओठ पाहिले, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली. “काय गं, शाळेत पाणी पितेस की नाही?”

पायल आजीच्या हातातल्या विळ्याकडे पाहत राहिली.

“घरी तं लोटाच्या लोटा रिचवते!” सुंदराबाई म्हणाली. “शायेतून आली का दप्तर फेकते अन् माठाले भिडते.”

हे ऐकताना नाजियाला उगीचच चपापल्यासारखं झालं. का, ते तिला तेव्हा उमगलं नाही.

नाजिया मूळची अकोल्याची. आधी त्याच जिल्ह्यात नोकरीला होती, दोन वर्षांपूर्वी बदली होऊन इकडे आली. घर अमरावतीला, राजापेठेत. सकाळी स्कूटीवर निघायचं, संध्याकाळी परतायचं. पोरांवर जीव होता तिचा आणि पोरांचाही तिच्यावर. म्हणून तर पायलचं पडणं तिच्या मनातून जाईना. त्या संध्याकाळी शाळा सुटताना ती दारात उभी राहिली आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलीची पाण्याची बाटली उचलून पाहू लागली. सगळ्या बाटल्या जड. सकाळी आणल्या तशाच, काठोकाठ. मग तिनं मुलांच्याही पाहिल्या. त्या मात्र रिकाम्या.

तिला आधी वाटलं, पाणी खारं असेल. हा सगळा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पण आता घराघरात नळाचं गोडं पाणी आलं होतं, आणि मुलं तेच तर पीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेखर सर मुलांना घेऊन मैदानात खो-खो खेळवत होते. मुली व्हरांड्यात भुलाबाईजवळ बसल्या होत्या. अश्विनातला हा उद्योग दरवर्षीचा. ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर, त्यात मातीचे भुलाबाई-भुलोजी, समोर मुलींची गाणी, आणि गाणी संपली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. अकोल्याला लहानपणी शेजारच्या मुलींबरोबर नाजियाही हे खेळली होती. गाणी तिला अजून पाठ होती.

“बाटल्या भरून आणता आणि भरल्याच घरी नेता,” ती मुलींमध्ये मांडी घालून बसत म्हणाली. “काहून गं?”

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. तिसरीतली रागिणी धांड्याचं पान सोलत बसली.

“मी रागावणार नाही.”

“पानी पेलं का मंग जा लागते,” शेवटी पायल म्हणाली.

“मग जायचं. आहे ना तिकडे.”

“तठी कडी नाई.”

एकीनं तोंड उघडलं तसं मग सगळ्याच बोलायला लागल्या. शाळेमागच्या मुलींच्या संडासाला आतून कडीच नव्हती. आधी होती, ती कधीतरी निघाली. पावसाळ्यात रागिणी आत असताना दुसरीतल्या बंडूचा चेंडू तिकडे गेला आणि त्यानं दार ढकललं. तो बिचारा चेंडू घेऊन पळाला, त्याच्या काही डोक्यातही नव्हतं. पण रागिणी घरी जाईपर्यंत रडत होती. त्या दिवसापासून एकीही तिकडे गेली नव्हती. सकाळी घरून येताना चहाचा घोट, आणि मग थेट संध्याकाळी घर.

“अगं, मग मला का नाही सांगितलं?”

“तुमीई तं नाई जात, मॅडम,” पायल अगदी सरळपणे म्हणाली. “आमाले वाटलं, मोठं झालं का रोकता येते.”



खरंच होतं ते. सकाळी अर्धा कप चहा, आणि मग राजापेठेतल्या घरी पाय ठेवेपर्यंत काही नाही. पहिल्या नोकरीच्या गावी जुन्या बाईंनीच तिला हे शिकवलं होतं: ‘पाणी कमी प्यायचं, म्हणजे अडचण होत नाही.’ तिला ते शहाणपण वाटलं होतं. जळजळ व्हायची, ताप यायचा. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं की पाणी प्या. ती गोळ्या घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तशीच कोरडी शाळेत यायची. घरी आल्या आल्या चप्पलही न काढता माठाकडे धावायची. सासूबाई, कुलसुमबी, रोज म्हणायच्या, “अरी, पहले बैठ तो सही!” इतक्या वर्षांत हे काही वेगळं चाललं आहे, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि आता शाळेतल्या सगळ्या पोरी तिच्याकडे पाहून तेच शिकत होत्या.

त्या संध्याकाळी ती घरी न जाता आधी नवऱ्याच्या दुकानावर गेली. नईमचं राजापेठेत हार्डवेअरचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, कुलपं.

“एक कडी दे. मजबूत.”

“कौनसे दरवाजे की?” नईमनं विचारलं.

तिनं सांगितलं. आधी शाळेतलं, आणि मग बोलता बोलता स्वतःचंही. नईमनं एका गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. कडी शोधायला त्याला बराच वेळ लागला.

“और तू काय कू नहीं बोली आज तलक?” तो शेवटी इतकंच म्हणाला. कडी, कोयंडा आणि स्क्रू त्यानं कागदात बांधून दिले.

कोजागिरीला शाळेत भुलाबाईची बोळवण होती. गावातल्या आया जमल्या. मैदानात चुलीवर दुधाचं पातेलं चढलं, शेखर सर स्वतः ढवळत होते. सुंदराबाई एका कडेला बसली होती. “मी काई भुलाबाईले नाई आली. नातीले न्यायले आली,” असं तिनं आधीच जाहीर केलं होतं. पण सरकत सरकत ती गाण्याच्या गोलाजवळ आली होती.

गाणी झाली. खिरापती सुरू झाल्या. कोणाची खोबऱ्याची, कोणाची फुटाण्याची. शेवटी नाजियानं आपला डबा पुढे ठेवला आणि हलवून दाखवला. खण्ण आवाज झाला.

“बत्तासे!”

“बत्तासे असे वाजतात व्हय? शेंगदाणे!”

“चॉकलेट हायेत, कागदातले!”

“साखरफुटाणे!” रागिणीची आई मनकर्णा ओरडली.

“हरल्या?” नाजियानं विचारलं.

“हरलो, हरलो!”

तिनं झाकण काढलं आणि कडी वर धरली. चांदण्यात ती चकचकली. आधी हसू फुटलं. मॅडमनं गंमत केली असं आयांना वाटलं. नाजिया हसली नाही. मुली पाणी का पीत नाहीत, पायल का पडली, ते तिनं साध्या शब्दांत सांगितलं. रागिणीचं नाव घेतलं नाही. आणि मग म्हणाली, “मीही नव्हते पीत. मी शिक्षक, मोठी बाई, आणि मलाही कधी वाटलं नाही की हे कोणाला सांगावं.”

आयांनी माना खाली घातल्या होत्या. त्यातल्या कितीजणी शेतात दिवसदिवस तशाच राहत असतील, ते त्यांनाच ठाऊक.

“म्हून पडली व्हय माही पोट्टी,” सुंदराबाई हळूच म्हणाली.

दुधाजवळ उभे असलेले शेखर सर पळी हातातच धरून राहिले होते. नंतर पेले वाटताना ते नाजियाजवळ थांबले. “पाच वर्षं झाली मॅडम मला या शाळेत. दर महिन्याला अहवालात लिहितो, मुलींसाठी स्वतंत्र सोय आहे. ते दार मी एकदाही उघडून पाहिलं नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कडी बसवली. बंडूसकट सगळ्या मुलांना गोळा करून त्यांनी समजावलं की बंद दारावर आधी टकटक करायची, ते कोणाचंही असो. आणि दिवसातून तीनदा पाण्याची घंटा सुरू केली. घंटा झाली की सगळ्यांनी बाटल्या उघडायच्या. नाजिया वर्गासमोर उभी राहून सगळ्यांच्या देखत पाणी प्यायची आणि मग चालत शाळेमागे जायची. पहिल्या दिवशी तिला स्वतःलाच लाज वाटली. परत आली तर दाराशी तीन मुली नंबर लावून उभ्या होत्या.

पण हे आठवडाभरही टिकलं नाही. कडी मजबूत होती, दारच कुजकं होतं. दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस उरले असताना कडी वाळवी लागलेल्या फळीचा तुकडा घेऊन निघून आली, आणि वरची बिजागरीही सुटली. दार तिरपं लोंबायला लागलं. शेखर सरांनी पंचायतीला फोन केला. “दिवाळीनंतर बघू,” तिकडून उत्तर आलं. त्या दुपारी पाण्याची घंटा झाली तेव्हा मुलींनी बाटल्या हातात घेतल्या, पण झाकणं कोणी उघडली नाहीत. नाजियाला रडू आवरेना. इतक्या मुश्किलीनं शिकवलेलं एका दुपारीत पुसलं जात होतं.

सकाळी ती शाळेत पोचली, तर फाटकाशी बैलगाडी उभी. गाडीत सागवानी दार आडवं टाकलेलं, भरभक्कम, काळपट, जाड फळ्यांचं. शेजारी पायलचा बाप सुगत, हातात करवत, आणि गाडीच्या चाकाला टेकून सुंदराबाई.

“नवं घर बांधलं तं लोखंडी दार लावलं पोट्ट्यानं,” ती म्हणाली. “हे गोठ्यात पडून हाये. मिरच्या वाळवतो त्याच्यावर. पायलनं काल घरी सांगतलं, दार मोडलं म्हून.”

शेखर सर आणि सुगतनं दार उचलून मागे नेलं. चौकटीला लावून पाहिलं, तर हातभर लांब निघालं. कापावं लागणार होतं. सुगतनं खडूनं रेघ मारली, करवत ठेवली आणि आईकडे पाहिलं.

सुंदराबाई पुढे आली. तिनं दारावरून हात फिरवला, मिरच्यांचे लाल डाग बोटानं खरवडले. लग्न होऊन आली तेव्हा याच दारातून ती आत गेली होती.

“माय, नाई म्हनत असशीन तं राहू दे,” सुगत म्हणाला. “पत्रा ठोकून देतो.”

“पत्रा कायले?” ती एकदम करड्या आवाजात म्हणाली. “हेच दार लावून मी एवढी वर्सं न्हाली-धुतली. दार लावलं का कोनाची भीती नाई. ह्या पोट्ट्यांईले तेवढं तं भेटलं पायजे. काप.”

करवत चालू लागली. ती तिथेच उभी राहून भुसा पडताना पाहत होती. दार बसलं, नईमची कडी त्यावर ठोकली, तेव्हा सगळ्यात आधी तीच आत गेली. आतून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेर आली आणि “हाये बरोबर,” एवढं म्हणून गाडीत जाऊन बसली.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी परिपाठात शेखर सरांनी मुलांना सांगितलं, आज प्रत्येकानं कोणाचे तरी आभार मानायचे. कोणी आईचे मानले, कोणी बैलाचे, एकानं तर खिचडीतल्या मटकीचे. बंडू उठला, “रागिणीताई, मी आता टकटक करतो,” म्हणाला आणि धपकन खाली बसला. ते आभार होते की माफी, कोणालाच कळलं नाही. रागिणीनं मात्र मान हलवली.

पायलची पाळी आली. सगळ्यांना वाटलं, आजीचं नाव घेईल.

“मॅडमनं आमाले विचारलं,” ती म्हणाली. “म्हून मॅडमचे.”

नाजिया उठली. ती पायलजवळ गेली. “आणि मी तुझे मानते,” ती म्हणाली. “तू मला तोंडावर सांगितलंस म्हणून. कोजागिरीपासून मला एकदाही गोळी घ्यावी लागली नाही.”

पायलला यातलं किती कळलं कोण जाणे. ती लाजून हसली आणि आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

दिवाळीनंतर शाळा उघडली. शेतांत कापूस फुटला होता, सकाळी स्वेटर लागत होते. आणि शाळेत एक नवीच तक्रार सुरू झाली.

“मॅडम, हे काय चाललंय?” एका सकाळी शेखर सर वर्गाच्या दारात येऊन म्हणाले. “एक येते तं दुसरी जाते. भागाकाराचं एक उदाहरण पुरं होत नाही माझं! दर पाच मिनिटाला, ‘सर, जाऊ का?’, ‘सर, जाऊ का?’”

ते तक्रार करत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

“जाऊ द्या, सर,” नाजिया म्हणाली. “थंडी आहे. भागाकार उद्याही होईल.”

तेवढ्यात तिच्याच वर्गातून हात वर झाला. रागिणी. नाजियानं मान हलवली. रागिणी दारातून सुसाट पळाली, आणि मागोमाग शाळेमागून जुन्या सागवानी दाराचा भारदस्त आवाज आला. कडी लागली.