साहेबांच्या हाताचा गुण

पाच जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की चाकणच्या त्या कारखान्याला झाडांची आठवण यायची. बाकी वर्षभर झाड जगलं काय, वाळलं काय, ते फक्त माळी ज्योतीरामला ठाऊक. आणि ज्योतीरामला विचारतो कोण!

गेटजवळ एकच खड्डा होता. मोठे साहेब दरवर्षी तिथंच रोप लावायचे, कारण तिथं फोटो काढला की पाठीमागे कंपनीचं नाव झकास यायचं. फोटो झाला की रोप आणि त्याचं नशीब. दिवाळीपर्यंत त्याची काडी व्हायची आणि पुढच्या जूनला खड्डा पुन्हा मोकळा. सात वर्षं सगळं कसं बिनबोभाट चाललं होतं.

घोळ झाला तो गेल्या वर्षीच्या रोपानं. ते कडुलिंबाचं रोप जगलं.

जगलं म्हणजे काय, ज्योतीरामनं जगवलं. बीडकडचा गडी, त्याला पाण्याची किंमत कुणी शिकवायला नको. ऑफिसच्या एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरायचं आणि संध्याकाळी रोपाला घालायचं, असा त्यानं वर्षभर नेम धरला. तळवड्याच्या खोलीवर बायको मंजुळा फणकारायची, "घरची पोरं न्हाऊ घालायला कदी बादली उचलली न्हाई तुमी!" खोटं कशाला बोला, नव्हतीच उचलली. पण रोप त्याच्या छातीला लागलं. मे महिन्यात वॉचमन नवनाथ त्याच्या ताटाएवढ्या सावलीत खुर्ची टाकू लागला. डोकं सावलीत, बाकीचा नवनाथ उन्हात. तरी म्हणायचा, "गार वाटतंय राव!"

चार जूनला एचआरच्या निशिगंधा मॅडम गेटवर आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

"ज्योतीराम, हे काय? उद्या साहेब झाड कुठं लावणार?"

"मॅडम, हे जगलंय."

"तेच तर झालं ना! काढा ते. नर्सरीतून नवीन रोप आलंय."

"त्या भिंतीकडंला लावू की नवं. जागाच जागा हाय."

"भिंतीकडे कंपनीचं नाव येतं का फोटोत? उद्या सकाळी दहाच्या आत खड्डा मोकळा पाहिजे. नाहीतर ठेकेदाराला दुसरा माळी पाठवायला सांगते."

मॅडम गेल्या. ज्योतीराम मटकन खाली बसला. या उन्हात उपटलं तर सोटमूळ तुटणार, झाड मरणार. न उपटावं तर नोकरी जाणार. मग तो उठला, नवनाथला हाक मारली, आणि नर्सरीचं रोप संडासामागं लपवून आला.

पाच तारखेला सकाळी खड्ड्यात ऐटीत रोप उभं होतं. बुंध्याशी नर्सरीची काळी पिशवी, भोवती उकरलेली ओली माती. मॅडमनी लांबूनच मान डोलावली. साहेब आले, नारळ फुटला, साहेबांनी मूठभर माती टाकली. ज्योतीरामचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात फोटोवाला सनी ओरडला, "सर, रोप जरा उचलून धरा ना, लावताय असं वाटलं पाहिजे!"

साहेबांनी दोन्ही हातांनी झाड धरलं आणि उचलायला गेले. झाड ढिम्म. साहेबांनी पाय रोवले, दात आवळले. पिशवी फाटून हातात आली, झाड मात्र जागचं हललं नाही.

"हे हलत का नाही?" साहेब धापा टाकत म्हणाले.

मॅडमनी फाटकी पिशवी पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ज्योतीरामच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण गावाकडची जीभ ऐन वेळी धावून आली.

"साहेब, एकेकाच्या हाताला गुण असतो. आमच्याकडं म्हातारी माणसं सांगायची, गुणाचा हात लागला की रोप जागीच धरतं. ऐकून होतो, आज डोळ्यांनी बघितलं बगा."

साहेबांनी आपले तळहात उलटेपालटे करून पाहिले.

"माझी आई हेच म्हणायची," ते हळूच म्हणाले.

खरं सांगावं की टाळ्या वाजवाव्यात, मॅडमना दोनच वाटा होत्या; त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. नवनाथनं तर शिट्टी मारली.

साहेबांना भलताच हुरूप आला. "या झाडाला माझ्या नावाची पाटी लावा. पानाला कुणी हात लावायचा नाही. आणि पुढच्या वर्षी मी दहा झाडं लावणार, त्या भिंतीकडेनं. सगळी अशीच जागीच धरली पाहिजेत!"

गाडी गेटाबाहेर पडली तशा मॅडम ज्योतीरामवर धावून आल्या. "फार शहाणे झालात! आता पुढच्या वर्षी दहा झाडं अशी हातात धरल्याधरल्या कशी लागणार?"

ज्योतीरामनं कुदळ खांद्यावर टाकली आणि संडासामागचं रोप उचलून आणलं.

"सोपं हाय मॅडम. पुढच्या वर्षीची झाडं आजच लावावी लागतेत. नऊ रोपं मागवा. आणि बादलीनं न्हाई भागायचं आता, पाण्याचा पाइप द्या."