रुआच्या खांद्यावरची आग

इव्हरच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते, आणि तो इन्व्हरनेसच्या हॉस्पिटलात पडून होता. घरी त्याची बायको इशबेल एकटी, सोबतीला जिप नावाची कुत्री, आणि रुआ नावाच्या डोंगरावर दोनशे मेंढ्या. त्यातल्या साठ वरच्या खांद्यावरच्या, म्हणजे शिखराखालच्या रुंद सोंडेवरच्या. त्या आठ-दहा दिवसांत विणार होत्या.

या खांद्याखालच्या उतारावरचं हेदर तीन वर्षं जाळायचं राहून गेलं होतं. झुडपं मांडीपर्यंत वाढून त्यांच्या नुसत्या काटक्या झाल्या होत्या. असलं म्हातारं हेदर मेंढी तोंडात धरत नाही. ते पट्ट्यापट्ट्याने जाळावं लागतं, तेव्हा खालून कोवळी फूट येते. पण पंधरा एप्रिलनंतर जाळायला बंदी, कारण पक्षी अंड्यांवर बसतात. त्या दिवशी तेरा तारीख होती. तीन आठवडे पाऊस नव्हता.

इव्हर फोनवर म्हणाला होता, यंदा राहू दे, एका माणसाचं ते काम नाही. इशबेल बरं म्हणाली. मग तिने शेजारच्या इस्टेटीवरच्या टॉर्क्विलला विचारलं. तो तिथला रानराखा, आयुष्यभर हेदर जाळत आलेला. तो म्हणाला, दुपारी बाराला येतो, मी आल्याशिवाय काडी लावू नकोस.

सकाळी दहाला ती उतारावर उभी होती आणि वारा पडलेला होता. आज सकाळी पडलाय तो दुपारी राहील याचा काय भरवसा, असं तिला वाटलं. आपण पट्ट्याची एक कड लावून ठेवू, टॉर्क्विल आला की बाकीचं. वरच्या अंगाला ओढा होता, तो आग अडवेल. तिने गॅसची मशाल पेटवली.

अर्धा तास सगळं सुरळीत चाललं. आग गुडघ्याएवढी, जेमतेम असलेल्या झुळकीविरुद्ध हळूहळू सरकणारी, मागे काळी स्वच्छ जमीन सोडणारी. बाहेर पडलेला जाळ ती लांब दांड्याच्या रबरी पट्ट्याने झोडपून विझवत होती. इव्हर खूश होईल, असं तिच्या मनात आलं.

मग वारा उठला, आणि उलटा उठला. दरीतून वर आलेल्या एका झोताने आग उभी राहिली. इशबेलला चेहऱ्यावर धग लागली तेव्हा तिने मान फिरवली, आणि पुन्हा बघते तो ओढ्यापलीकडचं हेदर पेटलेलं. ओढ्यात पाणी होतंच कुठे, नुसते दगड आणि वाळलेलं शेवाळ.

ती रबरी पट्टा घेऊन धावली. झोडपलं तेवढं विझे आणि बाजूला दहा हात पेटे. धुरातून ससे सुटले. डोंगरी ससे, हिवाळ्याचा पांढरा अंगरखा अर्धाच उतरलेले, पाठीवर तपकिरी आणि पोटाला पांढरे. एक तिच्या पायावर आदळून गेला. ग्राउसची, म्हणजे तिथल्या रानकोंबड्यांची, एक जोडी फडफडत उठली, तिच्यातली मादी फिरून परत त्याच जागी उतरली आणि दिसेनाशी झाली. वर एक टिटवी सारखी ओरडत घिरट्या घालत होती. इशबेलने ते बघितलं आणि तिला खांद्यावरच्या मेंढ्या आठवल्या.

पट्टा टाकून ती वर पळाली. तिला एकसष्टावं चालू होतं, छाती फुटायला आली. खांद्यावर मेंढ्या घोळका करून धुराकडे तोंड करून उभ्या होत्या. जिपने त्यांना वळवलं आणि दोघींनी मिळून त्या पायवाटेपलीकडे, खडकाळ उघड्या जागेवर नेल्या. तिथे जळण्यासारखं काही नव्हतं. इशबेल गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिली.

तेवढ्यात एकशिंगी परत खांद्याकडे फिरली आणि सगळ्या तिच्यामागे निघाल्या. ती सगळ्यांत म्हातारी मेंढी, बाकीच्या तिच्यामागे चालायच्या. या डोंगराला कुंपण नाही. कोकरू आईच्या मागे फिरत आपली हद्द शिकतं, आणि पुढे आपल्या कोकराला शिकवतं. खांद्यावरच्या मेंढ्या इव्हरच्या पणज्यापासून खांद्यावरच्याच. भ्याल्या की त्या घरी जातात, आणि त्यांचं घर आता पेटत होतं.

जिपने त्यांना दुसऱ्यांदा आणलं. या वेळी चाळीसएक तिथे थांबल्या, पण एकशिंगीच्या मागे बाकीच्या पुन्हा धुरात शिरल्या. तिसऱ्या खेपेला जिप लंगडत, तळवे भाजून, एकटीच बाहेर आली.

धूर बघून टॉर्क्विल वेळेआधीच आला होता. गाडी जाईल तिथपर्यंत नेऊन, पाठीवर पाण्याची टाकी आणि हातात मशाल घेऊन तो चढून आला. काय केलंस, असं त्याने विचारलं नाही. बंब निघाला आहे पण तासभर तरी लागेल, एवढंच सांगितलं.

"वर किती आहेत?" त्याने विचारलं.

"मोजल्या नाहीत. पंधरा असतील. वीस असतील."

"इशबेल, नीट ऐक. खांदा ओलांडला की पलीकडे पाइनची झाडी आहे आणि झाडीखाली तीन घरं. या वाटेवरून उलटी आग लावायची. आपण इथून जाळत गेलो तर त्या आगीला खायला काही उरणार नाही. पण आत्ता लावली तरच."

"त्या मधे आहेत."

"मला दिसतंय कुठे आहेत ते."

"मला एकदा जाऊन येऊ दे."

"जा. तू आत असताना मी लावणार नाही. मग ती घरं जातील. काय ते तूच ठरव."

धुरातून ओरडणं ऐकू येत होतं. इशबेल प्रत्येक मेंढीचा आवाज ओळखत होती असं नाही, पण एकशिंगीचा ओळखत होती. जिप पुन्हा आत जायला निघाली होती, तिला इशबेलने शीळ घालून पायाशी बोलावलं. टॉर्क्विलने मशाल पेटवली आणि तो वाटेवर वाकला, तेव्हा इशबेलने ती त्याच्या हातातून घेतली. वाटेच्या कडेने ती चालत गेली आणि पावलापावलावर हेदर पेटवत गेली. टॉर्क्विल मागून पाणी मारत, मागे जाऊ बघणारा जाळ विझवत येत होता. दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या तेव्हा मोठा आवाज झाला, आणि नंतर ओरडणं ऐकू आलं नाही.

घरं वाचली. बंब आला, माणसं आली, कडा विझल्या. सतरा मेंढ्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलेल्या मेंढ्या त्या काळ्या राखेवर जाऊन उभ्या होत्या. खायला काडी नाही, तरी उभ्या. इशबेलने त्यांना खाली आणून घराजवळच्या कुरणात कोंडलं. तिथे हिरवं गवत होतं. त्या दगडी बांधाला नाक लावून, डोंगराकडे तोंड करून दिवसभर ओरडत राहिल्या आणि गवताला शिवल्या नाहीत. शेवटी तिने फाटक उघडलं. मग ती रोज वाळलेल्या गवताचे भारे पाठीवर मारून वर नेऊ लागली. पहिल्या आठवड्यात अकरा कोकरं झाली. चार जगली. बाकीच्यांच्या आयांना दूधच नव्हतं.

इव्हरला सांगायला ती तिसऱ्या दिवशी गेली. टॉर्क्विलने मी सांगतो म्हटलं होतं, तिने ऐकलं नाही. पलंगाशेजारी खुर्चीत बसून तिने सगळं सांगितलं, मशाल कुणाच्या हातात होती तेही.

"एकशिंगी?" त्याने विचारलं.

"तीच पुढे होती."

"मी म्हणालो होतो राहू दे."

"हो."

"मग का?"

येताना तिने वाऱ्याचं, तारखेचं बरंच काही जुळवून ठेवलं होतं. "तू घरी येशील तेव्हा ते काम झालेलं असावं असं वाटलं," ती म्हणाली.

त्याने छताकडे बघत विचारलं, "माती पेटली का?"

"पेटलीये. खांद्यावर तीन ठिकाणी."

त्याने डोळे मिटले. वरवर जळलेलं हेदर तीन वर्षांत हिरवं होतं. पण तिथली माती म्हणजे हजारो वर्षं कुजून साचलेलं शेवाळ, वाळली की कोळशासारखी आतून जळते. मूळ जळतं, बी जळतं, आणि पुन्हा हिरवं व्हायला वीस-तीस वर्षं जातात. इव्हर अडुसष्टचा होता. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो काढला नाही आणि धरलाही नाही.

बंबवाले दोनदा येऊन पाणी मारून गेले. दोन जागा विझल्या, तिसरी नाही. वारा नसला की जमिनीतून बोटभर जाडीचा धूर सरळ वर यायचा. इशबेल गवत टाकून झालं की कुदळ घेऊन त्या जागेभोवती चर खणायची, खाली ओली माती लागेपर्यंत, आणि खालच्या डबक्यातून बादल्या आणून ओतायची. रात्रीत धूर चराबाहेर निघालेला असायचा. मग ती आणखी लांबून नवा चर धरायची. हाताची कातडी सोलली होती. पाऊस अजून नव्हताच.

इव्हर घरी आला त्या दिवशी ती वरच होती. टॉर्क्विलची गाडी अंगणात थांबलेली तिला दिसली, दोन काठ्यांवर इव्हर उतरलेला दिसला. खाली जायला हवं होतं. ती गेली नाही, खणत राहिली.

पुन्हा बघितलं तेव्हा तो फाटकापर्यंत आला होता. फाटकापुढे त्याला चढवणार नव्हतं. तो काहीतरी ओरडून सांगत होता, पण एवढ्या लांबून आवाज पोचत नव्हता. तेव्हा त्याने एक काठी उचलली आणि दुसरीवर डगमगत, ती खणत होती त्या जागेच्या बरंच वर, डावीकडे रोखून धरली.

इशबेल कुदळ घेऊन तिथे गेली; कुठे माती किती खोल, हे तिच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. वरून जमीन थंड आणि धड दिसत होती. तिने घाव घातला, ढेकूळ उलटलं, आणि आतली लाल धग तोंडावर आली.