दक्षिणेकडची भिंत

वेल्सहून स्वीडनच्या उत्तरेला इंग्रजी शिकवायला आलेल्या ग्वेनेथला एकच खंत होती. इथे देवाचं नाव म्हणून कुणी घेत नाही! जेवताना ती हात जोडून डोळे मिटायची, तोवर बाकीच्या शिक्षकांनी बटाट्यांचा फडशा पाडलेला असायचा.

मार्चमधल्या एका दुपारी सुट्टीत ती बाहेर आली आणि थबकलीच. गुडघाभर बर्फात, शाळेच्या भिंतीला पाठ लावून सगळे शिक्षक ओळीने उभे होते. टोप्या काढलेल्या, डोळे मिटलेले, चेहरे आभाळाकडे. एरवी जिच्या तोंडाला खीळ नाही ती मुख्याध्यापिका गुनिलासुद्धा चिडीचूप. हातातली कॉफी निवून चाललेली.

ग्वेनेथचा ऊर भरून आला. ईस्टर तोंडावर आला तशी लागली एकदाची मंडळी मार्गाला! टोपी काढून ती गुनिलासमोर उभी राहिली आणि तिनं मान झुकवली. प्रार्थना काही संपेना. कुणीच पुढाकार घेईना, तेव्हा तीच खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन!"

गुनिलानं एक डोळा किलकिला केला. "आमेन काय गं? एवढ्या महिन्यांनी धड ऊन पडलंय आणि तू मध्ये उभी! सरक, ये इकडे भिंतीला."

ओशाळलेली ग्वेनेथ निमूटपणे भिंतीला टेकली. गालांवर ऊन आलं, मग कपाळावर, मग पापण्यांवर.

घंटा झाली. गुनिलानं तिला कोपरानं ढोसलं. "चल, तास आहे तुझा."

"थांब ना जरा," डोळे न उघडताच ग्वेनेथ म्हणाली, "माझं अजून आमेन झालेलं नाही."