स्टूलवाल्यांचे स्टूल

विषय : लाकडी स्टूल, नग एक, मूळ मालकिणीस परत मिळणेबाबत.
संदर्भ : मालकिणीचा अर्ज.

वरील विषयातला नग म्हणजे मी. माझ्याविषयी कागद पुष्कळ काळे झाले, पण मला कुणी विचारले नाही. म्हणून स्वतःच बोलतो.

माझा जन्म एका फळीपायी झाला. एका बुकबाइंडरच्या स्वयंपाकघरात सुताराने वरची फळी जरा जास्तच वर ठोकली. नवराबायको दोघेही बुटके. बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, सुताराला विचारले, "इथे डबे कोण ठेवणार? जिराफ?" फळी उतरवण्यापेक्षा मला बनवणे त्याला सोपे वाटले. घाईत माझा एक पाय आखूड कापला गेला. बाइंडरनी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि माझा संसार सुरू झाला.

पुढे गल्लीतले नळ बंद पडले तेव्हा बाइंडरनी पक्ष काढला. पक्षाचे नाव सात शब्दांचे. ते सलग म्हणता येणारा एकच सभासद होता, तोही पाचव्या शब्दाला अडखळायचा. पहिल्या सभेला बाइंडर मला काखोटीला मारून चौकात गेले आणि माझ्यावर उभे राहिले. विरोधी पक्षाचे वकील गर्दीतून ओरडले, "स्टूल काढलं तर हा पक्ष दिसेल का हो कुणाला? म्हणे पक्ष! स्टूलवाले!"

गर्दी हसली आणि नाव पडले.

बाइंडर त्या दिवशी जेवले नाहीत.

"चिडलात तर चिकटेल," काकू म्हणाल्या.

"आणि नाही चिडलो तर?"

"तरी चिकटेलच. मग तुम्हीच छापा की. लोकांच्या लक्षात तरी राहील."

छापले. टोमणा होता त्याचा बिल्ला झाला. निवडणूक जिंकल्यावर तर त्याला अर्थही फुटले. पक्षातल्या प्राध्यापकांनी पुस्तिका लिहिली : माझे तीन पाय म्हणजे सत्य, श्रम आणि संयम, चौथ्याखालचा पुठ्ठा म्हणजे मित्रपक्षांशी समझोता. वकिलांच्या मते स्टूलवाले म्हणजे मिळेल त्यावर चढणारे. डब्यांचा उल्लेख कुणीच केला नाही.

यथावकाश पक्ष फुटला. एक 'जुने स्टूलवाले', दुसरे 'खरे स्टूलवाले'. नाव कुणाचे हे ठरवण्यासाठी नोंदणी कार्यालयाने नावाचा उगम समक्ष हजर करायला सांगितले. दोन्ही गट, आयुष्यात शेवटचे एकत्र, आमच्या स्वयंपाकघरात शिरले. काकू माझ्यावर उभ्या होत्या.

"काकू, जरा उतरता का? पक्षाचं काम आहे."

"साखर काढू दे, मग काय फोडायचं ते फोडा."

"कार्यालय बंद होईल हो!"

काकू साखरेशिवाय उतरल्या. बाइंडर म्हणाले, "अरे, पण मी कुठल्या गटात ते मी अजून ठरवलं नाही."

"तुम्ही राहू द्या. स्टूल पुरे."

कार्यालयात माझ्यावर 'पुरावा क्रमांक एक' अशी चिठ्ठी लागली. पायांना सुतळी, सुतळीला लाखेची मोहोर. अडीच वर्षे झाली. काकूंनी अर्जात लिहिले आहे की डबा वर आहे, आणि आम्ही दोघे बिनसाखरेचा चहा पितो. "दुसरं स्टूल घ्या की," कारकून म्हणाला.

"आणलं तर तेही न्याल," काकू म्हणाल्या.

तेव्हा मतदारहो, पक्षांना खुशाल नावे ठेवा. त्याशिवाय ते ओळखू येत नाहीत. पण ज्या वस्तूवरून नाव ठेवाल, ती तिच्या घरी राहू द्या. तिला तिथे काम असते.

काकूंचा अर्ज कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवलेला आहे. तिथे हात पोचायला स्टूल लागते. कार्यालयात स्टूल एकच आहे, आणि ते मोहोरबंद आहे. मोहोर काढण्याच्या परवानगीसाठी वरिष्ठांना पत्र गेले आहे. उत्तर आलेले नाही. अर्ज प्रलंबित आहे.