भाड्याचा लॅपटॉप

नूतन मार्गासनी गावातल्या सासरघरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायची. दवाखान्यांची बिलं विम्याच्या कागदांशी ताडून बघायची, चूक सापडली की शेरा मारून पुढं पाठवायची. चार वर्षं झाली होती. कंपनीनं दिलेले जुने लॅपटॉप आता सगळ्यांचेच बंद पडत होते, म्हणून एका गुरुवारी मेल आला. नवा लॅपटॉप भाड्यानं घ्या, पगारातून महिन्याला नऊशे कापू, नोकरी सोडताना परत करा. नाहीतर विकत घ्या, महिन्याला बावीसशे, दोन वर्षांनी तुमचा. उद्यापर्यंत फॉर्म भरायचा होता.

नवरा सोमनाथ खेड शिवापूरच्या कारखान्यात होता. गुरुवारी त्याला सुट्टी. दुपारी जेवताना नूतननं विषय काढला.

“विकतच घेते म्हणते. दोन वर्षांनी आपला होईल.”

सासू चंद्राबाई म्हणाल्या, “भाड्यानं घे बाई. दोन वरसं कोन करतंय नोकरी? उद्या लेकरू झालं मंजी कुठं बसनार हायेस त्ये घिऊन?”

“घरातच तर काम आहे, आत्या.”

“घरात हाय म्हनूनच म्हंते. घरचं बी बघाया नको का?”

नूतननं नवऱ्याकडं पाहिलं. “तुमी काय म्हणता?”

“तुझ्या कामातलं म्या काय सांगू? तुला बरं वाटंल ते कर,” सोमनाथ म्हणाला आणि कालवण वाढून घेतलं.

तिला तेवढं पुरलं. भोरला कॉलेजात असताना तिनं सगळे प्रोजेक्ट मैत्रिणीच्या घरच्या कॉम्प्युटरवर केले होते, त्यांची जेवणं उरकेपर्यंत ओट्यावर वाट बघत बसून. आणि आता प्रेरणा मॅडम, तिच्या साहेबीण, टीम लीडसाठी तिचं नाव देणार होत्या. तिनं ‘विकत’ निवडलं आणि फॉर्म पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी खोकं आलं. कुरियरवाला गावात शिरत नाही, म्हणून ती स्वतः स्टँडवरच्या दुकानातून घेऊन आली. लॅपटॉप बाहेर काढून उलटा केला, तर खाली पट्टी चिकटवलेली होती. कंपनीची मालमत्ता. भाडेतत्त्वावर.

चुकून झालं असेल म्हणून तिनं प्रेरणा मॅडमना फोन लावला.

“चूक कसली?” मॅडम म्हणाल्या. “शनिवारी तूच मेल केलास ना, भाड्याचा पर्याय हवाय म्हणून. कारणही लिहिलं होतंस. म्हणून तर लीडसाठी मी वैष्णवीचं नाव दिलं. वर्षभरात सोडणाऱ्या माणसाला कसं पुढं करू?”

नूतननं पाठवलेले मेल उघडले. तिथं तो नव्हता. पुसून टाकलेल्या मेलांत सापडला. तिच्या नावानं, मोडक्या इंग्रजीत, की घरच्या कारणामुळे एका वर्षानंतर मी नोकरी करणार नाही, तरी लॅपटॉप भाड्यानं द्यावा. तिचा मोबाईल मागं पाण्यात पडला होता तेव्हा तिनं दोन दिवस सोमनाथच्या मोबाईलवर मेल बघितला होता. तिचा मेल तिथं तसाच चालू राहिला होता.

“काय झालं गं?” फोनवर मॅडम विचारत होत्या.

नवऱ्यानं केलं, हे तिच्या तोंडून निघेना. “काही नाही मॅडम,” ती म्हणाली. “माझ्याच लक्षात राहिलं नव्हतं.”

सोमनाथ कामावरून आला तसा तिनं मेल त्याच्यापुढं धरला. त्यानं नाकारलं नाही.

“आयचं रोजचं चालू व्हतं. म्हनलं, कशाला वाद. महिन्याला पैसं बी वाचत्यात.”

“मग मला सांगायचं. नोकरी सोडणार असं कुठून आलं?”

“फॉर्म मिळाला म्हनून मेल आलाता, त्यात बदलायचं आसंल तर कारन द्या, असं लिवलेलं व्हतं. कायतरी लिवाया पायजे म्हनून लिवलं.”

“कायतरी नाही. मनात होतं तेच लिहिलंत.”

तो म्हणाला, “भोरातनं सेकंडहँड आनू एखादा. तुझ्या नावाचा.”

“नको,” नूतन म्हणाली. त्याचा मोबाईल मागून घेतला, त्यावरचा आपला मेल बंद केला आणि मोबाईल परत दिला.

दोन दिवसांनी धीर करून तिनं मॅडमना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “वैष्णवीचं पत्र निघालंय गं. आणि खरं सांगू, घरी असं असेल तर पुढच्या वर्षीही मला विचार करावा लागेल.”

सोमवारपासून वैष्णवी टीम लीड झाली. बिलांतली चूक कशी ओळखायची, हे दोन वर्षांपूर्वी नूतननंच तिला शिकवलं होतं. मीटिंगमध्ये वैष्णवी सगळ्यांसमोर म्हणाली, “नूतनताई आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घ्या.” नूतननं मान हलवली.

त्यानंतर घरात ती कामाचं काही बोलेनाशी झाली. चंद्राबाईंना ते बरंच वाटलं. महिन्याभरानं सोमनाथनं एकदा विचारलं, “काय म्हनतंय काम?”

“चाललंय.”

तो आणखी काही विचारील म्हणून ती थोडी थांबली. पण सुटल्यासारखा तो उठला आणि गाडी पुसायला बाहेर गेला.